मागच्या शीटवरचे कुटुंब

मोटारीचे माहितीपत्रक ही वाचण्याजोगी संहिता आहे असे म्हटले की आपल्या विषयाच्या मंडळींत थोडी चुळबुळ होते. कवितेतल्या एका शब्दावर तासच्या तास घालविणारे आपण, एखादे कुटुंब ज्या वस्तूसाठी बारा-पंधरा लाख रुपये मोजते तिच्याविषयी काय लिहिले गेले आहे ते मात्र विक्रेत्याच्या हवाली करून मोकळे होतो. रोलां बार्थने १९५७ च्या ‘मायथॉलॉजीज’मध्ये सित्रोएन कंपनीच्या डीएस या मोटारीची तुलना गॉथिक कॅथीड्रलांशी केली होती. ही गोष्ट वर्गात सांगताना आपल्याला संकोच होत नाही, कारण गाडी फ्रेंच आहे आणि लेखकही. तीच दृष्टी डोणगावच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या पांढऱ्या स्कॉर्पिओकडे वळविली तर काय दिसते, हे आम्हाला पाहावयाचे आहे.

डोणगाव हे मेहकरहून मालेगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे गाव. भोवती सोयाबीन आणि कपाशीची काळी जमीन, आणि आता जवळूनच जाणारा समृद्धी महामार्ग. त्याचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ रोजी सबंध ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. भूसंपादनाच्या मोबदल्यातून दारात चारचाकी आली, अशी चर्चा या मार्गालगतच्या कितीतरी गावांत ऐकू येते. तिच्यातले खरेखोटे बाजूला ठेवले तरी एवढे निश्चित, की पूर्वी लग्नसराईत भाड्याने आणावी लागणारी ‘मोठी गाडी’ आज अनेकांच्या अंगणात स्वतःची म्हणून उभी असते.

या मोठ्या गाडीचे नाव बहुधा स्कॉर्पिओ असते. महिंद्राची ही गाडी जून २००२ मध्ये आली. ती नाशिकला तयार होत असे. वीस वर्षांनी, २७ जून २००२ नव्हे तर २७ जून २०२२ रोजी (एका आकड्याच्या फरकात एक पिढी मावते), तिची संपूर्ण नव्याने रचलेली आवृत्ती ‘स्कॉर्पिओ-एन’ या नावाने आली. ही चाकणला तयार होते. ३० जुलै २०२२ रोजी नोंदणी सुरू झाली तेव्हा पहिल्या मिनिटात २५ हजार आणि अर्ध्या तासात एक लाख गाड्यांची नोंदणी झाली. साहित्यकृतीच्या आवृत्त्यांविषयी बोलताना आपण ‘वाचकांनी स्वीकारले’ असा शब्दप्रयोग सढळ हाताने करतो. अर्ध्या तासात एक लाख हा स्वीकार त्या मानाने बराच ठोस म्हटला पाहिजे. जुनी गाडीही नाहीशी झाली नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ‘क्लासिक’ या उपाधीसह पुन्हा सादर झाली. म्हणजे मूळ संहिता आणि सुधारित संहिता दोन्ही शेजारी ठेवून वाचण्याची सोय आपोआप झाली. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला याहून अधिक काय हवे?

नव्या पाठात बदललेले पहिले म्हणजे माप. नवी गाडी जुनीपेक्षा २०६ मिलिमीटरने लांब, ९७ मिलिमीटरने रुंद, आणि सुमारे सव्वाशे मिलिमीटरने बुटकी आहे. लांबी ४,६६२ आणि रुंदी १,९१७ मिलिमीटर. दोन मीटरला थोडी कमी असलेली ही रुंदी महामार्गावर डौलदार दिसते. जुन्या वस्तीच्या गल्लीत, जेथे एका बाजूला ओटा आणि दुसऱ्या बाजूला नाली, तेथे ती गाडी वेशीजवळच थांबवून माणसांना चालत घरी जावे लागते. उंची कमी झाल्याने गाडी वळणावर कमी हेलकावते आणि वेगात अधिक स्थिर राहते, हा लाभ खरा आहे. यंत्राची ताकदही वाढली. थोडक्यात, गाव सोडून महामार्गाला लागण्याच्या दिशेने हे पुनर्लेखन झाले आहे, आणि डोणगावच्या माणसाचा प्रवासही त्याच दिशेने होत असल्याने त्यात विसंगती काही नाही.

आमचा मुद्दा निराळा आहे, आणि तो ‘गाडी’ या शब्दापासूनच सुरू करावा लागेल. एसयूव्ही या तीन अक्षरांना मराठीने प्रतिशब्द दिला नाही. ‘गाडी’ हा जुना शब्दच तिच्यासाठी रुंद केला. आमच्या वऱ्हाडात गाडी म्हणजे बंडी. सणावाराला, लेकीला आणायला, जत्रेला जायला दमणी. या बंडीची आसनव्यवस्था आठवून पाहावी. धुरकरी पुढे बसणार, ऊन-धूळ आणि बैलांच्या शेपट्यांचे फटके त्याच्या वाट्याला. मागे कडबा किंवा गवत, त्यावर गोधडी अंथरलेली, आणि त्या मऊ जागेवर म्हातारी, बाळंतीण, लेकरे. सर्वांत चांगली जागा ही सर्वांत दुबळ्या माणसाची, आणि हाकणाऱ्याची जागा ही कामाची जागा. पुढे साहेबाची मोटार आली तेव्हाही चालक पुढे नि मानाची जागा मागेच राहिली. दुबळ्याच्या ठिकाणी साहेब आला एवढेच. घरची मोटार आली तेव्हा मात्र हा क्रम उलटला. आता मालकच धुरकरी आहे. त्यामुळे गोधडी पुढे सरकली.

हे केवळ रूपक नाही, वैशिष्ट्यांच्या यादीवरून बोट फिरविले तर ते शब्दशः दिसते. मोठा स्पर्शपडदा चालकाच्या हाताशी. आवाजी आज्ञा पाळणारी ‘अलेक्सा’ पुढे. चालकाला डुलकी लागत असेल तर सावध करणारी यंत्रणा सर्वांत वरच्या आवृत्तीत, अर्थात चालकासाठीच. छताची उघडझाप होणारी खिडकी, जिला आता आपण सगळे ‘सनरूफ’च म्हणतो, ती पुढच्या रांगेवर. (वरातीत तिच्यातून बाहेर उभी केली जाणारी मुले हा स्वतंत्र आणि भयंकर विषय आहे, ती सोय उजेडासाठी असते, सज्जा म्हणून नव्हे.) २०२४ मध्ये वरच्या आवृत्तीत आसनांतून हवा खेळविण्याची सोय आली, ती पुढच्या दोन आसनांना. २०२५ मध्ये चालकाला मदत करणाऱ्या, पुढचे वाहन ओळखून वेग सांभाळणाऱ्या यंत्रणा आल्या. विदर्भातल्या मे महिन्यात, छत तापलेल्या गाडीत, शेवटच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या म्हातारीच्या पाठीला घाम येत नाही असा काही शोध लागलेला नाही.

येथे भाषेची साक्ष काढण्याचा मोह आवरत नाही. विक्रीदालनातली मराठी कान देऊन ऐकावी. ‘पुढे तुम्ही आरामात बसता, मध्ये तिघे बसतात, आणि मागे आणखी दोघे बसवता येतात.’ पुढच्यांचे क्रियापद कर्तरी, मागच्यांचे प्रयोजक. पुढचे बसतात, मागचे बसविले जातात. काही वेळा तर ‘मागे दोन माणसं मावतात’ असेही म्हटले जाते, आणि ‘मावणे’ हे क्रियापद आपण धान्याच्या पोत्यासाठी वापरतो. कोणी मुद्दाम असे बोलत नाही. म्हणूनच ते महत्त्वाचे. विक्रेत्याला व्याकरण ठाऊक नसते, पण व्याकरणाला घरातली उतरंड पुरेपूर ठाऊक असते.

जाहिरातीने तर हे उघडच सांगून टाकले आहे. या गाडीला ‘बिग डॅडी ऑफ एसयूव्हीज’ म्हणून पुढे आणले गेले. मराठीतही ‘अमुक म्हणजे तमुकाचा बाप’ हा वाक्प्रयोग वरचढपणा दाखवितो. त्यामुळे ही इंग्रजी बिरुदावली कोणालाही परकी वाटली नाही. परंतु कौटुंबिक म्हणविल्या जाणाऱ्या वाहनाला ‘बाप’ म्हणताना त्या कुटुंबातल्या उरलेल्या माणसांचे काय होते, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे. बापाचे दर्शन समोरून घ्यायचे असते: उंच नाक, रुंद छाती, चमकणारे डोळे. या गाडीचे बहुतेक वर्णन समोरून केलेले आहे. मागून केलेले वर्णन शोधावे लागते.

आता ‘क्षमता’ या शब्दाकडे वळू. चारही चाकांना ताकद पोहोचविणारी व्यवस्था डिझेलवर चालणाऱ्या निवडक आवृत्त्यांत मिळते, आणि तिच्यात रस्त्याच्या प्रकारानुसार पर्याय निवडता येतात: नेहमीचा रस्ता, गवत-खडी-बर्फ, चिखल आणि चाकोऱ्या, वाळू. मेहकर तालुक्यात बर्फ पडण्याची वाट पाहत बसलेल्यांविषयी आम्ही काही बोलणार नाही. चिखलाचा पर्याय मात्र आमच्याकडे चैनीचा नव्हे. पहिल्या दोन पावसांनंतर काळ्या मातीची पांदण ज्याने तुडविली आहे त्याला ठाऊक असते, की ही माती चाकाला नुसती लागत नाही, ती चाकच होते. तेव्हा ही क्षमता आमच्या गावाची गरज ओळखणारी आहे. गंमत अशी की जिला ती खरोखर लागेल त्या शेतकरी कुटुंबाने परवडेल म्हणून घेतलेल्या खालच्या आवृत्तीत ती नसते, आणि जिच्यात ती असते ती गाडी बहुधा डांबरावरच आयुष्य काढते.

परवडण्याचा हिशेबही एकदा आमच्या भाषेत मांडावा. सुरुवातीची किंमत ११ लाख ९९ हजार रुपये, तीही नोंदणी आणि विमा सोडून. त्या वर्षी, म्हणजे २०२२-२३ च्या हंगामात, सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,३०० रुपये होता. भागाकार केला तर सुमारे २७९ क्विंटल येतात. एकरी आठ क्विंटल असे चांगले पीक धरले, तर पस्तीस एकरांचा एक हंगाम, खर्च वजा न करता. पस्तीस एकरांचा धनी गावात विरळाच. याचा अर्थ अशी गाडी आली की तिच्यात दोन भावांचा पैसा असतो, कधी आईच्या नावची जमीन असते, बँकेचे कर्ज असते आणि ते फेडताना बायकोच्या हौसेला लागलेली कात्री असते. पैसा सर्वांचा, किल्ली एकाची.

म्हणून शेवटच्या रांगेचा विचार आम्ही बारकाईने करू इच्छितो, आणि तेथे नव्या पाठाला न्यायही द्यावा लागतो. जुन्या स्कॉर्पिओच्या अनेक आवृत्त्यांत मागे समोरासमोर, बाजूला तोंड करून बसायची बाके असत. ही रचना काळी-पिवळी जीपची. गुडघ्याला गुडघा लावून बसायचे, मांडीवर पोर, पायाशी पिशवी. तिच्यात एक मोकळेपणा होता: मागचे दार उघडले की सरळ चढता येई, सरळ उतरता येई, कोणाला ‘जरा उठता का’ म्हणावे लागत नसे. मागच्यांचा आपला संसार असे. गप्पा तेथेच रंगत. परंतु धडक बसली तर बाजूला तोंड केलेला माणूस सर्वांत असुरक्षित. मान आणि कंबर आडव्या हिसक्यासाठी घडलेली नाही, आणि पट्टा असला तरी तो अशा स्थितीत नीट धरीत नाही. नव्या रचनेत शेवटची दोन आसने समोर तोंड करून आहेत. हे निःसंशय अधिक सुरक्षित आहे, आणि ज्याने हा बदल केला त्याने जीव वाचविणारा बदल केला. पण आता त्या आसनापर्यंत पोहोचण्यासाठी मधल्या रांगेतले आसन दुमडून, वाकून, एका पायावर तोल सांभाळीत आत शिरावे लागते. लुगडे नेसलेल्या, गुडघे धरलेल्या बाईला ते जमत नाही. मग ती मध्ये बसते आणि मागे मुले जातात. शेवटच्या रांगेत मुले. हे लक्षात ठेवून पुढचे वाचावे.

ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या आदळून पाहते. २०१६ मध्ये तिने जुन्या स्कॉर्पिओची एअरबॅग नसलेली आवृत्ती तपासली तेव्हा प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी शून्य तारे मिळाले. डिसेंबर २०२२ मध्ये स्कॉर्पिओ-एनला याच कसोटीवर पाच तारे मिळाले, तेही आधीपेक्षा कडक केलेल्या नियमांनुसार. शून्यावरून पाचावर येणे ही अभियंत्यांची खरी कर्तबगारी आहे. तिचे कौतुक करण्यात आम्ही हात आखडता घेणार नाही. पण त्याच अहवालात मुलांच्या सुरक्षिततेसाठी तीन तारे आहेत. बापाला पाच, लेकरांना तीन. जाहिरातीत पाच आकडा ठळक असतो. हे असेच असावयाचे असे म्हणावे तर ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याच संस्थेने, त्याच नियमांनी, पुण्यातल्या टाटांच्या नव्या सफारी आणि हॅरिअरला दोन्ही रकान्यांत पाच-पाच तारे दिले. म्हणजे अशक्य असे काही नव्हते. कोणाचा विचार आधी करायचा, एवढाच प्रश्न होता.

ही चाचणी ताशी ६४ किलोमीटर वेगाने होते. समृद्धीवर सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. वेग दुपटीपेक्षा थोडा कमी वाढला, तर आघाताची ऊर्जा साडेतीनपट होते. शाळेतल्या भौतिकशास्त्राचा हा हिशेब आहे. आमच्या जिल्ह्याला वेगाचे धडे पुस्तकातून घ्यावे लागत नाहीत. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ याच महामार्गावर खासगी बस पेटून २५ माणसे गेली. तो बसचा अपघात होता, त्याची कारणे वेगळी. तरी त्या रात्रीनंतर या रस्त्याने शेगावला वा संभाजीनगरच्या दवाखान्यात जाणाऱ्या प्रत्येक घराने मागे कोण बसले आहे हे वळून पाहिले असेल. आणि पट्टा? मागे बसणाऱ्याने पट्टा लावायचा असतो हे आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सायरस मिस्त्री यांचा अपघाती मृत्यू झाल्यावर काही दिवस चर्चेत आले. मागे बसलेल्या त्यांनी पट्टा लावला नव्हता असे पोलिसांनी सांगितले होते. चर्चा ओसरली. मागच्या शीटवरचा पट्टा आजही बहुतेक गाड्यांत शीटच्या फटीत खोचलेला सापडतो, कारण तो टोचतो.

आमच्यावर आक्षेप येईल तो असा, की चालक जागा राहिला, गाडी नियंत्रणात राहिली, तर सगळेच वाचतात. तेव्हा पुढच्या सोयी या मागच्यांसाठीही आहेत. आक्षेप निम्मा खरा आहे. घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा किंवा चालकाची झोप उडविणारी घंटी ही सर्वांच्या हिताची. पण संगीताचे बारा ध्वनिक्षेपक, गार होणारे आसन, पडद्याचा आकार यांनी मागच्यांचे काय हित साधते? दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे: सगळे कुटुंब त्या गाडीतून वर्षातून चार-सहा वेळाच जाते, एरवी ती एकट्या मालकाची तालुक्याला ये-जा असते. असेलही. मग तिला मालकाची गाडी म्हणावे. ‘कौटुंबिक’ हे विशेषण लावून सात माणसांच्या नावाने पैसे घेतले असतील, तर सातव्या माणसाच्या जागेवरून तिची परीक्षा करण्याचा अधिकार आम्हाला आहे.

आमचा आग्रह गाडी घेऊ नये असा नाही, आणि अमुक गाडी घ्यावी असाही नाही. आग्रह आपल्या वर्गाविषयी आहे. ‘उपयोजित मराठी’च्या अभ्यासपत्रिकेत आपण विद्यार्थ्यांना जाहिरात लिहायला शिकवतो, मुले ‘आजच खरेदी करा’ म्हणून उद्गारचिन्ह देतात आणि पाचपैकी चार गुण घेतात. जाहिरात वाचायला कोणी शिकवीत नाही. आम्ही अलीकडे एक साधा स्वाध्याय देतो: वैशिष्ट्यांची यादी घ्या आणि प्रत्येक ओळीपुढे ती कोणत्या आसनासाठी आहे ते लिहा. मग प्रत्येक आसनावर तुमच्या घरातले कोण बसते ते लिहा. दुसरा रकाना भरताना वर्ग शांत होतो. एका विद्यार्थिनीने शेवटच्या आसनापुढे ‘आजी’ लिहून खोडले आणि ‘मी’ लिहिले.

त्या स्वाध्यायाला आता आम्ही आणखी एक भाग जोडला आहे. गाडी पाहायला घरातून कोण जाते, हे विचारून यायचे. उत्तरे जवळपास एकसारखी येतात: बाबा, काका, मोठा भाऊ, त्याचा गाड्यांतले कळणारा मित्र. दालनात गेल्यावर विक्रेता चाचणीसाठी किल्ली पुढे करतो, ती घेणाराही यांच्यापैकीच एक. पुढच्या सत्रात मुलांनी आईला किंवा आजीला घेऊन जावे, तिला शेवटच्या रांगेत चढायला लावावे, पट्टा हाताला लागतो का ते पाहावे, दार लावून दुपारी बारा वाजता पंधरा मिनिटे फिरून यावे, आणि ती उतरल्यावर काय म्हणाली ते तिच्याच शब्दांत, वऱ्हाडीत, जसेच्या तसे लिहून आणावे, असे ठरले आहे.